बाबांची जुनी फिल्म

प्रिय बारक्या,

आईच्या रक्ताचे आकडे बघून तू काल फोनवर इतका खुलून बोललास की बाबा आज चक्क दाढी करून हॉस्पिटलात आले. येताना काय आणलं असेल? त्यांच्या फ्लूच्या वेळची, स्वतःच्या छातीची एक्स-रे फिल्म. एक्स-रे विभागातल्या माझ्या खोलीत अडगळीत पडलेल्या लाइटबॉक्सवर त्यांनी ती लावली, तीही उलटी, आणि म्हणाले, आता हिची दाखव शेजारी.

त्यांचा हिशोब सरळ आहे. तेव्हा त्यांचं रक्त आईपेक्षा वाईट होतं, सूज दाखवणारा सीआरपी दुप्पट, पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या. तरी पंधरवड्यात घरी येऊन ते भाजीत मीठ कमी म्हणून कुरकुरत होते. हिचं तर रक्त सुधारतंय, मग ही उठणारच. रक्ताचा डॉक्टर तू, त्यामुळे शब्द तुझा. मी काय, हाडं मोजणारी. जेवताना म्हणायचे ना ते, एक रक्त पितो, एक हाडं मोजते, बापाकडे बघायला कुणाला वेळ नाही. आई त्यांना दटावायची आणि तुझ्या ताटात जास्तीचं वाढायची. त्याचा मला अजून राग आहे.

पण तुझ्यापासून काय लपवू? बाबांना उजवीकडे खाली एकच डाग होता, बाकी फुप्फुसं हवेनं भरलेली, काळीभोर. आईची दोन्हीकडे कडेपासून आत पांढरी होत गेली आहेत. मागच्या आठवड्यात ती नुसती धुरकट होती, तेव्हा मीही आशा धरून होते. रक्त आधी सुधारतं, फिल्म मागून येते, हे मीच तुला ऐकवलं होतं. आता फुप्फुसं आक्रसली आहेत, आणि कालपासून फुप्फुसातून फुटून हृदयाच्या कडेनं हवा सुटली आहे. सीआरपी उतरलाय तो स्टेरॉइडनं, आजार हटला म्हणून नाही. हे तुला कळत नाही असं नाही. कळतं म्हणूनच मी पाठवलेली एकही फिल्म तू उघडत नाहीस.

आयसीयूच्या डॉक्टरीणबाईंनी आज बाबांना बाजूला घेऊन विचारलं, की आईचं हृदय थांबलं तर छाती दाबून पुन्हा चालवायचा प्रयत्न करायचा का. बाबा म्हणाले, मुलाला विचारून सांगतो, रक्त चांगलं आहे तिचं. फोन ते स्पीकरवर ठेवतात, म्हणून हे लिहून पाठवते आहे. संध्याकाळी ते तुला आकडे विचारतील. आकडे आजही चांगलेच आलेत. ते सांगू नकोस. आधी फिल्म उघड, नीट बघ, आणि मग तुझ्या तोंडानं त्यांना सांग की आता छाती दाबायची नाही. माझं ते ऐकणार नाहीत. दाबून आई परत येणार नाही रे. तिच्या बरगड्या तेवढ्या मोडतील, आणि त्या मला मोजाव्या लागतील.

तुझीच,
ताई