बोरटोल्याच्या तीन बाटल्या

११ जुलै, शुक्रवार

कात्री विसरले! शेवटी मिलवाल्या शेठच्या ड्रायव्हरने गाडीतला पेचकस दिला आणि लांजेवार सरांनी फितीला भोसकून प्रकल्पाचं उद्घाटन केलं. टाळ्या!

तीन निळे ड्रम. एकात रेती, दुसऱ्यात कोळसा, तिसऱ्यात मिलच्याच भट्टीतली तुसाची राख. याला 'स्वदेशी जलशुद्धी तंत्रज्ञान' म्हणायचं. उसन्या, म्हणजे उकड्या, तांदळाची मिल धान भिजवते आणि ते आंबलेलं पाणी नालीतून बोरटोल्याच्या तलावात सोडते. आता नाली ड्रमांतून जाणार, तलाव निर्मळ होणार, आणि सरांच्या नावापुढे आणखी एक शोधनिबंध लागणार. लांजेवार सर आमच्या भंडाऱ्याच्या कॉलेजात पर्यावरण विभागाचे प्रमुख, म्हणून प्रकल्पाचेही प्रमुख. मी रसायनशास्त्राची, म्हणून मोजमाप माझ्याकडे, अहवालही माझ्याकडे – "मॅडम, तुमची भाषा चांगली आहे." प्रमुख पाहुणे कोण? मिलवाले शेठ! ज्याने घाण सोडली त्यालाच शाल.

नमुने भरायला गावातली एक बाई नेमली. कुंताबाई. सातवी शिकलेली, तलावाच्या पाळीला घर, तलावाच्या पाण्यावरच दीड एकर धान. नवरा श्रावण त्याच मिलमध्ये भट्टीवर. दर शुक्रवारी तिने तीन बाटल्या भरायच्या – लाल झाकणाची मिलच्या नालीवर, पिवळी ड्रमांतून गाळून आलेल्या पाण्याची, हिरवी तलावाच्या घाटावर. थैली भंडाऱ्याच्या एसटीत ड्रायव्हरच्या सीटमागे ठेवायची. म्हणजे आमच्यापैकी कोणालाही बोरटोल्यात पुन्हा पाय ठेवायला नको. विज्ञान घरपोच!

निघताना कुंताबाईने विचारलं, "मॅडम, तपासल्यावर तलाव सुधरंल नं? दोन वर्सं झाले, मासोळी नाई. धानाचं पऱ्हं लावून आलं का पाय खाजून राहतेत."

मी काही बोलायच्या आत सर म्हणाले, "बाई, आधी डेटा येऊ द्या."

तिने मान डोलावली. डेटा म्हणजे नागपूरहून येणारा कोणी मोठा साहेब असावा, अशा आदराने.

१८ जुलै, शुक्रवार

पहिल्या बाटल्या आल्या. देवा रे! लाल बाटली उघडली आणि शेजारच्या इतिहास विभागाने दार लावून घेतलं. हिरवीत शेवाळ, तळाला गाळ, बाटलीच्या बाहेरून चिखल. माझ्या नव्या साडीवर डाग.

फोन लावला. म्हटलं, "कुंताबाई, हे काय पाठवलंत? घरी पाहुण्याला असंच पाणी देता का? बोरटोल्याचं नाव लिहिलंय बाटलीवर, निदान त्याची तरी लाज धरा!"

पलीकडून – "चुकलं, मॅडम."

स्टाफरूममध्ये किस्सा दोनदा सांगितला. दुसऱ्यांदा जास्त रंगला. सर तर डोळे पुसेपर्यंत हसले.

२१ जुलै, सोमवार

पाण्यातली घाण मोजायला नमुना तीन दिवस उबवणी-पेटीत ठेवावा लागतो. आकडे आले. लाल ११४०, पिवळी ९८०, हिरवी ९५. तलावात तीसच्या वर गेलं की मासे तोंड वर करून मरतात. म्हणजे ड्रम जवळजवळ काहीच करत नाहीत.

सर म्हणाले, "सुरुवात आहे." त्यांची सुरुवात १९९८ पासून चालू आहे.

२५ जुलै, शुक्रवार

बाटल्या चकाचक! टोमण्याला रसायनशास्त्रापेक्षा लवकर गुण येतो.

२३ ऑगस्ट, शनिवार

कॉलेजात ऊर्जाबचत सप्ताह. सभागृहात भर दुपारी चोवीस ट्यूबलाइट लावून 'दिवे मालवा' या विषयावर भाषण. मध्येच लाइन गेली, तर डिझेलचं जनरेटर लावून ऊर्जाबचत पुढे चालू. मग सरांनी फोटोसाठी एक बटन बंद केलं. नेमकं प्रयोगशाळेचं! उबवणी-पेटी चार तास बंद. सरांच्या केबिनचा एसी वेगळ्या बटनावर आहे, त्याला पर्यावरणाची झळ लागली नाही.

नमुने वाया गेले म्हटलं, तर सर म्हणतात, "मागच्या आठवड्याचेच टाका. कल तर उतरताच आहे नं?"

कल उतरता आहे खरा. हिरवी ६ वर आली. पिवळी ४. पेपरात सरांचा फोटो ड्रमाला टेकून – दोघांतला जास्त पोकळ कोण, हे मथळ्यावरून कळत नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

कुंताबाईचा फोन. "मॅडम, त्या ड्रममधून पानी खाली जाऊनच नाई राहिलं. राख बसली वाटते. वरून वाहून सारं तलावातच जाते."

सरांना सांगितलं. त्यांनी आकड्यांचा कागद माझ्यापुढे धरला. "मॅडम, आकडे काय म्हणतात? चालू आहे! गावातल्या बाईचं ऐकायचं की यंत्राचं?"

मला मोठी गंमत वाटली. बंद पडल्यावर जास्त चालणारं हे जगातलं पहिलं यंत्र. छान वाक्य आहे, कुठेतरी वापरीन.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

अहवाल पूर्ण. बावन्न पानं. 'तलावाच्या पाण्याच्या गुणवत्तेत लक्षणीय सुधारणा.' पहिली सही माझी, कारण सरांचं पेन चाललं नाही. चौदा नोव्हेंबरला जिल्ह्याच्या समितीपुढे सुनावणी. अहवाल मंजूर झाला की मिलची नाली कायमची तलावात सोडायला परवानगी. शेठने आजच विभागात पेढे वाटले. सर चार खाऊन म्हणाले, "मला साखर आहे."

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

आज तिन्ही बाटल्यांचे क्षार मोजले. सहज. लाल, पिवळी, हिरवी – एकच आकडा. टिंबापर्यंत एकच!

मिलची नाली, ड्रम आणि तलाव यांचं पाणी सारखं? असं फक्त एकाच ठिकाणी होऊ शकतं – एकाच भांड्यातून तीन बाटल्या भरल्या तर.

मागचे कागद काढले. जुलैच्या शेवटापासून लाल बाटलीही स्वच्छ आहे. ती तर ड्रमाच्या अलीकडची, मिलच्या तोंडची! तीन महिने हे माझ्या नाकाखाली होतं. मी पाहिलं नाही, कारण मी सरांची टर उडवण्यात गुंग होते.

आता कळलं. नवरा मिलमध्ये, बायको बाटल्या भरते! शेठने एक लुगडं दिलं असेल, बाई विकली गेली. "चुकलं, मॅडम" म्हणे! काय तो गरीब आवाज! तिला रंगेहाथ पकडते.

२ नोव्हेंबर, रविवार

पकडलं. सगळं लिहिते.

न सांगता गेले. अंगणात धानाच्या पेंढ्या पडलेल्या. कुंताबाई मला पाहून हरखली. "अवो मॅडम! सांगून तं यायचं! बसा नं, चाय मांडते." श्रावण खाटेवरून उठून उभा राहिला. त्याच्या पोटऱ्यांवर लाल चट्टे.

म्हटलं, चहा नको, बाटल्या भरून दाखवा. हसत उठली. मला वाटलं होतं गडबडेल. तिने फडताळातून बाटल्या काढल्या – स्वच्छ फडक्यात गुंडाळलेल्या! – आणि चालू लागली. तलावाकडे नाही, शाळेच्या हातपंपाकडे. पंपाचं तोंड पुसलं, त्यावर पांढरं फडकं बांधलं, कळशी भरली. घरी येऊन चुलीवर चढवली.

"हे काय करता?"

"उकळून घेते नं. तीन डाव वेगवेगळं उकळते हं मॅडम, लालचं पिवळ्यात मिसळू नाई देत!"

मी बघत राहिले. तिला वाटलं अजून काही चुकलं. घाईघाईने म्हणाली, "तुमीच तं म्हनलं होतं, पावन्याले असं पानी देता का म्हनून. लय लाज वाटली मले. बाटलीवर आमच्या गावाचं नाव लिवलं हाय. मंग गावात बसून ठरवलं, भंडाऱ्याले चांगलंच पानी पाठवाचं. पोचमपल्लीचं नवं लुगडं होतं, पोरीच्या लग्नातलं, त्याचा पदर फाडला गाळाले."

श्रावण म्हणाला, "अन् सरपन किती जाते! मी म्हनतो, एकडाव उकळ, तं आयकत नाई."

मग तिने विचारलं, "पास झालं का मॅडम, आमचं पानी?"

मी तलावावर गेले. ड्रम काठोकाठ राखेच्या चिखलाने बसलेले. पाणी वरून वाहतं, नालीतून थेट घाटावर. काठावर पिवळट फेस. घाटाच्या दगडावर एक पेलाही धुवू नये असा वास. कुंताबाई पदर नाकाला न लावता बाजूला उभी – तिला सवय.

सांगितलं. म्हणजे सांगायचा प्रयत्न केला, की आम्हाला घाणच हवी होती. ती म्हणाली, "मंग तुमी रागावले काहून होते?"

एमएस्सी, पीएचडी, एकवीस वर्षांची नोकरी. मी पर्स उचलली आणि परतीची एसटी गाठली.

४ नोव्हेंबर, मंगळवार

सरांना सांगितलं. एक क्षण त्यांचा चेहरा माणसासारखा दिसला. मग पूर्ववत. "मॅडम, भावनेच्या भरात जाऊ नका. अहवाल गेला. पहिली सही तुमची आहे." आणि खिडकीपाशी जाऊन – "वाटल्यास एक निष्कर्ष जोडू. लोकसहभागातून ग्रामस्थांना पाणी गाळून, उकळून घेण्याची सवय लागली."

हा माणूस बुडता बुडता पाण्यालाही प्रमाणपत्र देईल!

त्याच्यावर आणखी पानभर लिहू शकते. लिहिणार नाही. चिखलाच्या बाटलीवरून कुंताबाईला त्याने नाही, मी सुनावलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सुनावणी. सरांनी पडद्यावर उतरता आलेख दाखवला. शेठ मान डोलावत होते. मी उठले आणि सांगितलं – पहिल्या शुक्रवारचे आकडे खरे, नंतरचा प्रत्येक आकडा शाळेच्या हातपंपाचा. त्या बाईची चूक नाही. मी फोनवर तिचा अपमान केला, म्हणून तिने आपल्या परीने आम्हाला सगळ्यांत चांगलं पाणी दिलं.

वाटलं होतं, कोणीतरी हसेल. माझ्या वाक्यांना हसतात लोक. कोणीच हसलं नाही.

अध्यक्षांनी बराच वेळ चष्मा पुसला. निकाल: अहवाल बाजूला. पुढचे तीन शुक्रवार नव्याने नमुने, त्याच तीन जागा, भरणारी तीच बाई – "गावातलंच माणूस हवं, नाहीतर मिल म्हणेल कॉलेजने बनवलं." ते घाण निघाले तर नाली बंद. बाटल्या आल्याच नाहीत, तर मिलला कायमची परवानगी.

बाहेर पडताना शेठ फोनवर बोलत होते, हळू आवाजात. "भट्टीवर कोण हाय तो? श्रावण का?"

१७ नोव्हेंबर, सोमवार

श्रावणला मिलमधून काढलं. कारण सांगितलं नाही. कुंताबाईचा फोन बंद.

मीच ठरवून टाकलं: बाटल्या येणार नाहीत. का याव्यात? दीड एकरावर घर चालत नाही. मिलने उद्या परत बोलावलं तर तो जाईल, आणि जावंच. मी कोणत्या तोंडाने सांगू, माझ्यासाठी घाण भरा म्हणून? एकदा त्याच तोंडाने काय बोलले होते!

सर आज स्टाफरूममध्ये म्हणाले, "शुक्रवारी काही येत नाही हो. मी सांगतो." एकवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचा अंदाज मला पटला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सव्वातीनची एसटी. ड्रायव्हरने थैली अंगापासून लांब धरून आणली. "काय हाय हो मॅडम यात? पुढचे पॅसेंजर सारे मागं जाऊन बसले!"

लाल, पिवळी, हिरवी. तिन्हीला तोच वास. बाटल्या बाहेरून पुसलेल्या, प्रत्येकीवर जागा आणि वेळ. लाल झाकणाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, वहीच्या कागदाची:

"मॅडम, पानी घान हाय. रागाऊ नोका."