नमुना २१७ची चूक माझी

यंत्राच्या पात्रातली हवा पंप ओढून घेईपर्यंत चार-पाच तास बसून राहावे लागे. तेवढ्या वेळात मी आणि आमचे गटप्रमुख डॉ. हर्षद करंबेळकर प्रयोगशाळेच्या खिडकीत माझ्या डब्यातली तांदळाची भाकरी आणि वालाचे बिरडे वाटून खात असू. हे आधी लिहिते, कारण पुढचे वाचून कोणी म्हणू नये की मी त्यांच्या वाईटावर होते.

मी, सुहासिनी नागू बडेकर, वय ६८, अविवाहित, राहणार पोशीर, तालुका कर्जत, विद्यापीठातील क्वांटम पदार्थांच्या संशोधन गटाची माजी तांत्रिक सहायक, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत. डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. पोशीरचे घर व मागची वीस गुंठे भातजमीन माझा भाचा देवेश याला. तो माझ्यावर रागावला आहे, तरी त्यालाच. शेजारच्या भागूबाईंना त्या आहेत तोवर विहिरीचे पाणी भरू द्यावे.

२. आईच्या पाटल्या देवेशची बायको प्राची हिला. मोडायच्या तर खुशाल मोडाव्यात.

३. प्रयोगशाळेतील माझी नोंदवही. इथे थोडे सविस्तर लिहावे लागेल.

आमचे काम म्हणजे चकतीवर केसाच्या हजाराव्या भागाइतका पातळ थर चढवायचा, तो अतिशय थंड करायचा आणि त्यातून वीज कशी वाहते ते मोजायचे. २००२ साली नमुना २१७ थंड करताना विजेला होणारा अडथळा एकदम शून्यावर आला. विनाअडथळा वीज नेणारा पदार्थ सापडला म्हणून पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी मी नमुना सूक्ष्मदर्शकाखाली धरला. तारा चिकटवायला मीच लावलेल्या चांदीच्या लेपाचा एक ओघळ दोन तारांमध्ये उतरला होता. थंडीने सगळे आकसले की तो दुसऱ्या तारेला टेकत होता. वीज थरातून जातच नव्हती.

खोपोलीच्या शाळेत सिस्टरांनी शिकवले होते की शाईचे लिखाण खोडायचे नाही. एक रेघ मारायची, खालचे वाचता आले पाहिजे. मी तशीच रेघ मारली आणि लिहिले, "चूक माझी. सु. ना. बडेकर."

डॉ. करंबेळकर म्हणाले, "सुहासिनीबाई, ते पान काढा. शोधनिबंध छापायला गेलाय." मी पान काढले नाही. वही घेऊन घरी आले आणि नोकरीचा राजीनामा पोस्टाने पाठवला.

आता गट माझा सत्कार करणार आहे आणि वही परत मागतो आहे. देवेश म्हणाला, "आत्या, म्हातारपणी कशाला वैर घेतेस गं? शाल घे नि वही देऊन टाक."

"शाली माझ्याकडे दोन आहेत रं," मी म्हटले.

कोंडाण्यावरच्या ठाकरवाडीची वनिता आज त्याच गटात संशोधन करते. २१७ पुन्हा करून दाखवायचे काम तिला दिले आहे. दोन वर्षांत एकदाही जमले नाही. मागच्या महिन्यात माझ्या ओटीवर बसून म्हणाली, "मॅडम, माझ्याच हातात खोट हाय. करंबेळकर सर म्हणतात, बाईंना जमलं, तुला का जमत नाय? आता सोडूनच देते."

वनिता, तुझ्या हातात खोट नाही. जे घडलेच नाही ते कोणालाच जमणार नाही.

म्हणून नोंदवही मी माझ्या मरणाची वाट न पाहता आजच, खालील साक्षीदारांसमोर, वनिताच्या हाती दिली आहे. तिने ती चोरली असे कोणी म्हणू नये, एवढ्यासाठी इथे लिहिते. वही माझी, पैसे मी भरले, अक्षर माझे. विद्यापीठाला हवी तर छायाप्रत घ्यावी.

४. माझा सूक्ष्मदर्शक आणि तिन्ही चिमटेही वनिताला. बारीक टोकाचा चिमटा उसना देऊ नये; परत येत नाही.

५. गटाने माझी शोकसभा घेऊ नये. घेतलीच, तर ते पान मोठ्याने वाचावे.

६. माझे शाईचे पेन डॉ. हर्षद करंबेळकर यांना. दुरुस्तीखाली गटप्रमुखांचीही सही लागते, ती जागा तेवीस वर्षे कोरी आहे. वही वनिताच्या टेबलावर असेल. सही करायची तर त्यांनी तिथवर चालत जावे.

सही: सुहासिनी नागू बडेकर

साक्षीदार (या दोघांना यातून काहीही मिळणार नाही):
१. भाविका योगेंद्र ठोंबरे, शिक्षिका, नेरळ
२. बुधाजी कमळू भोईर, शेतकरी, पोशीर

स्थळ: पोशीर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५