पुलापलीकडची मोकळी जागा

रविवार, १७ नोव्हेंबर

प्रिय मुंगे,

खूप खूप आशीर्वाद. तुझी तब्येत बरी असेल, नोकरीही ठीक चालली असेल. इकडे मी बरा आहे. थंडी सुरू झाली. स्वयंपाकघरातला नळ तू होतीस तेव्हा गळायचा तसाच अजून गळतो, आता खाली भांडं बदललंय एवढंच. तुझं टेबल जागेवर आहे. त्यावर माझ्या वायरी पडलेल्या असतात, पण ते तुझंच आहे.

हातानं लिहिलेलं पत्र बघून हसशील. फोनवर बोललो असतो तर दुसऱ्या मिनिटाला विषय बदलला असता. कागदावर तेवढं सोपं जात नाही.

तर पहिली बातमी. आपल्या गाव वसवायच्या खेळाची लिनक्सवर चालणारी प्रत मी जूनमध्ये बंद केली. आता तू मनसोक्त ‘मी म्हटलं नव्हतं?’ म्हणून घे. मी थांबतो.

म्हटलंस? बरं.

तुझं म्हणणं मला शब्दन् शब्द आठवतं. “दादा, आपण दोघंच आहोत. एकच विंडोजची प्रत धड करू. लिनक्सवाल्यांसाठी मधे तो कंपॅटिबिलिटी लेयर आहे, तो चालवून घेईल.” बाबा तिथेच पेन्सिलीला टोक करत बसले होते. हे काय प्रकरण, म्हणून त्यांनी विचारलं. तू म्हणालीस, “बाबा, खेळाला वाटतं आपण विंडोजवरच आहोत. तो जे मागेल ते हा मधला गडी लिनक्सच्या भाषेत मागून आणून देतो.” बाबा म्हणाले, “म्हणजे दुभाष्या. मग चांगलंच आहे की.” आणि मी, लिनक्सशिवाय दुसरं काही न वापरणारा शहाणा, म्हणालो होतो की माझ्या घरात माझा खेळ दुभाष्या घेऊन फिरणार नाही.

वाक्य छान होतं. त्या वाक्यापायी तीन वर्षं गेली.

दर सहा महिन्यांनी सिस्टिम नवी व्हायची आणि माझ्या प्रतीचं काहीतरी मोडायचं. एकदा आवाज गेला. एकदा गावातल्या पाट्यांवरची अक्षरं चौकोन झाली. एक बुजवलं की दुसरं उघडं पडायचं. शेवटी शेवटी एका शिक्षिकेनं लिहिलं, “तुमची लिनक्सची प्रत माझ्याकडे उघडतच नाही. पण विंडोजची प्रत लिनक्सवर छान पळते. मग तुम्ही एवढा त्रास कशाला घेता?” तिनं ते मायेनं लिहिलं होतं गं. शिव्या घातल्या असत्या तर मी भांडलो असतो. मायेला काय उत्तर देणार? सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझा पीळ त्या दिवशी गेला.

एका मंगळवारी दुपारी बसलो आणि आपल्या अपडेटरमध्ये, तोच जो सगळ्यांकडे नवी प्रत आपोआप पोचवतो, चार ओळी लिहिल्या. जुनी प्रत काढ. फोल्डर साफ कर. विंडोजची प्रत आण. दुभाष्याला जोडून दे. माझ्या संगणकावर तपासून बघितलं, उत्तम चाललं. चालणारच. माझ्याकडे जतन केलेलं एकही गाव नव्हतं. इतकी वर्षं खेळ बनवला, पण खेळलो कधीच नाही.

आता तुझ्या लक्षात येत असेल. तुला आठवत असेल, जाण्याआधी तू माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होतीस. “निदान दोन्ही प्रतींमधलं गाव एकाच पद्धतीनं जतन कर. इकडचं तिकडे उघडू दे.” अर्ध्या दिवसाचं काम होतं. मी केलं नाही. विसरलो नाही, मुद्दाम केलं नाही. माझ्या प्रतीतली गावं मी माझ्याच पद्धतीनं ठेवली, तीही खेळाच्याच फोल्डरमध्ये. फोल्डर साफ कर, ही ओळ लिहिताना ते मला आठवलं नाही.

लिनक्सच्या प्रतीवर तोवर एकोणतीस जण उरले होते. सगळ्यांची गावं गेली. काहींनी तक्रार केली, काहींनी नाद सोडला. एकोणतिसावे बाबा होते. त्यांचा संगणक मी मुद्दाम जुनाच ठेवला होता, म्हणून त्यांच्याकडे माझी प्रत शेवटपर्यंत चालली.

बाबांचं गाव तू शेवटचं पाहिलंस तेव्हा वीसेक घरांचं असेल. आई गेल्यानंतरचं त्यांचं सगळं आयुष्य त्यात होतं. पाणीखात्यात जन्मभर नकाशे काढलेला माणूस, तो खेळतानाही आधी कागदावर मापं टाकायचा. एकच कागद होता, खोडून खोडून इतका झिजलेला की मागचं टेबल दिसायचं. एकशे चाळीस घरं झाली होती. प्रत्येक घराला उतार धरून गटार. मी हसायचो, “बाबा, या गावात पाऊसच पडत नाही.” ते म्हणायचे, “मुंगी कधी पाडेल सांगता येतं का?”

आणि नदीवरचा पूल ओलांडला की एक मोकळा तुकडा. पाटी लावलेली: ‘ही जागा मुंगीच्या घरासाठी.’ खेळ बंद असला तरी रिकाम्या जागेवर दिवसागणिक गवत वाढतं, ही तूच घातलेली खोडी. बाबा रोज सकाळी चहा झाला की आधी पुलापलीकडे जाऊन ते गवत काढायचे, मग बाकीचं गाव. हे मी तुला कधी सांगितलं नाही. का सांगावं, असंच वाटायचं मला तेव्हा.

मी ताकाला जाऊन भांडं लपवतोय, कळतंय मला. सांगतो.

त्या मंगळवारी संध्याकाळी बाबांनी हाक मारली. “अरे, गाव कुठे गेलं?” मी गेलो. पडद्यावर नदी आणि सपाट जमीन. वरच्या कोपऱ्यात तुझ्या विंडोजच्या प्रतीवर असते ती इवलीशी मुंगी. काय झालं ते मला एका मिनिटात कळलं. बाबा त्या मुंगीकडे बघत होते.

“ही तिची प्रत ना?”

“हो.”

“म्हणजे तिनं नेलं सगळं पुसून.”

मी “बघतो” म्हणालो. बास. एवढंच बोललो आणि तोंडात मिठाची गुळणी धरून माझ्या खोलीत आलो.

गुरुवारी तुझा फोन आला. बाबा जागे होते, खुर्चीत होते. मी फोन पुढे केला तर त्यांनी हातानंच नको म्हटलं. मी तुला सांगितलं, झोपलेत. रविवारी तेच. पुढच्या गुरुवारी तेच. तू विचारलंस, “दादा, बाबा माझ्यावर रागावलेत का?” मी म्हणालो, “म्हातारं माणूस, मनावर नको घेऊस.” असे पाच फोन, मुंगे. मी मोजलेत.

त्या मंगळवारनंतर एकोणिसाव्या दिवशी, रविवारी सकाळी, ते गेले. तू आलीस, दोन दिवस राहिलीस. निघताना दारात बॅग खाली ठेवून तू विचारलंस, “माझं काय चुकलं होतं रे?” मी म्हणालो, “काही नाही, चल, गाडी चुकेल.”

का बोललो नाही? मनाशी मी म्हणत होतो, आधी गाव परत आणू, मग सांगू. त्यांच्या डिस्कची नक्कल काढून मी ते सगळे दिवस पुसलेलं शोधत बसलो होतो. तुकडे मिळाले. अर्धं गटार, नऊ घरं, नाव नसलेल्या तीन पाट्या. त्यातून काहीही उभं राहीना.

पण हे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं लिहायला मला हा कागद दोनदा बदलावा लागला. तू गेल्यापासून बाबा दर आठवड्याला एकदा तरी म्हणायचे, “मुंगीचं ऐकायला हवं होतंस.” तीन वर्षं ऐकलं मी ते. आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदाच ते माझ्यावर न रागावता तुझ्यावर रागावले. मला बरं वाटलं. थोडा वेळच, पण बरं वाटलं. ते तसंच राहू दिलं मी. लाज वाटते म्हणणंही आता स्वस्त वाटतं.

इथपर्यंतचं मी तुला कदाचित कधीच लिहिलं नसतं. खरंच सांगतो. पण काल बाबांचा संगणक वाचनालयाला द्यायचा म्हणून पुसायला घेतला. पुसण्याआधी या वेळी उघडून बघितलं, एवढं शिकलोय. खेळ उघडला. तुझी मुंगी आली. मला वाटलं, सपाट जमीन दिसेल.

सपाट नव्हती. मी खोलीत डिस्क उकरत बसलो होतो तेव्हा बाबा बाहेर बसून पुन्हा खेळत होते, तुझ्याच प्रतीत, दुभाष्यातून. मला पत्ताही नाही. तो झिजलेला कागद टेबलावर होता, तो मी इतके महिने उचलूनसुद्धा पाहिला नव्हता. नदीवर पूल झाला होता. अलीकडे एकही घर नाही, स्वतःचंसुद्धा नाही. पुलापलीकडे नुसतं गवत, पाच महिन्यांचं, पुरुषभर उंच. मी काढायला घेतलं. कापत गेलो तशी आत एक पाटी लागली.

‘ही जागा मुंगीच्या घरासाठी. रागावलो होतो. आता नाही. फोन आला की सांगेन.’

खाली खेळानं तारीख टाकली होती. शनिवारची. दुसऱ्या दिवशी रविवार, तुझ्या फोनचा दिवस. तुझा फोन अकराला यायचा. बाबा साडेआठला गेले.

जे तू केलंच नव्हतंस त्याबद्दल त्यांनी तुला माफ केलं. ज्यानं केलं त्याचं नावही त्यांना कळलं नाही, मग माफी कुठून मिळणार? मी रडलो, पण रडूनही काही हलकं झालं नाही. या घरात आता माझं म्हणणं ऐकून घेणारं कुणी नाही, आणि जे एक माणूस ऐकू शकतं त्याला मी दारातून गाडीवर धाडलं.

पाकिटात एक पेनड्राइव्ह आहे. त्यात ते गाव आहे, गाव कसलं, पूल आणि पाटी. तुझ्या पद्धतीनं जतन झालेलं आहे, म्हणून तुझ्याकडे पहिल्या फटक्यात उघडेल. माझ्या प्रतीत असतं तर तू ते कधीच वाचू शकली नसतीस.

गवत मी काढलंय. टपाल पोचेपर्यंत पुन्हा थोडं वाढेल, ते तू काढ.

उत्तर लिहिलं नाहीस तरी मी समजून घेईन. फक्त पाटी एकदा वाच.

दारात विचारलं होतंस ना? तुझं काही चुकलं नव्हतं, मुंगे. जे चुकलं ते माझं होतं, आणि तेव्हाही मला ते माहीत होतं.

तेव्हा न बोललेला,
दादा