पन्नासपैकी सेहेचाळीस

१५ जानेवारी, सोमवार

कालच्या नोंदीत चूक आहे. ‘शाळेच्या विषयावरून मी अजिबात आवाज चढवला नाही’ असं लिहिलंय. आवाज चढवला नव्हता हे खरं, पण फ्रिजचं दार आपटलं होतं आणि आतली दोन अंडी फुटली. नोंद दुरुस्त केली. डायरीत तरी खोटं नको.

बाकीचा मजकूर बरोबर आहे. माझी लेक मुंगी या जूनमध्ये मोठ्या शाळेत जाणार. टेकडीवरची शाळा आधी परीक्षा घेते, मग मुलाखत, मग पत्र पाठवते. कोपऱ्यावरची शाळा काहीच घेत नाही. जायचं आणि नाव सांगायचं. अशा शाळेबद्दल काय बोलणार. मुंगीला तिथेच जायचंय, कारण तिथल्या मैदानामागे डबकं आहे आणि त्यात बेडूक आहेत. हे कारण तिने अगदी गंभीर चेहऱ्याने दिलं. वय वर्षं अकरा.

ठरलं: निर्णय पूर्णपणे मुंगीचा. तो बरोबर निघेल एवढी काळजी मी घेईन.

२१ जानेवारी, रविवार

टेकडीवरच्या शाळेचा ओपन डे. प्रयोगशाळेत प्रत्येक टेबलाला वेगळा नळ. बाकांना झाकण, झाकणाखाली कप्पा. मुलांना नीट बसता येतं का ते तपासायला मी एका बाकावर बसून पाहिलं. माझी आणि मुलांची उंची वेगळी, त्यामुळे अंदाज यायला जरा वेळ लागला. नवरा येऊन म्हणाला, ऊठ, झाडूवाले खोळंबलेत.

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. एवढी शाळा पाहून त्याचं मत एकच: लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर हादरते. मुंगीला विचारलं, सगळ्यात काय आवडलं? म्हणाली, बाहेर जायचं गेट.

तिथे एक बाई भेटली. प्रत्येक विषयाची वेगळ्या रंगाची फाइल घेऊन फिरत होती. मुलाला पहिलीपासून तयार करते आहे म्हणे. मला अशा आयांची कीव येते. बिचारी मुलं.

येताना सात फाइली घेतल्या. हिरवा रंग मिळाला नाही.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

सरावाचे पेपर आणले. सोमवारपासून रोज एक, संध्याकाळी सहा ते सात. मी चष्म्याच्या दुकानातून साडेपाचला सुटते. दिवसभर लोकांना ‘हे स्पष्ट दिसतं की हे’ विचारून डोकं शिणतं, पण आईपण म्हटल्यावर हे आलंच.

५ फेब्रुवारी, सोमवार

मुंगीचं पोट दुखलं.

६ फेब्रुवारी

डोकं.

७ फेब्रुवारी

परत पोट. दुसऱ्या बाजूने.

८ फेब्रुवारी, गुरुवार

पेपर कितपत अवघड आहे ते कळावं म्हणून मी स्वतः एक सोडवला. निव्वळ तेवढ्यासाठीच. पन्नासपैकी एकतीस. पेपर काढणाऱ्याला विषय कळत नाही.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

अडतीस. टाकीला दोन नळ असलेलं गणित चुकलं. एका नळाने भरायची आणि दुसऱ्याने गळू द्यायची, अशी टाकी ठेवतं कोण? नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, प्लंबरला बोलाव.

१७ फेब्रुवारी, शनिवार

आता घड्याळ मुंगी लावते. हात पाठीमागे बांधून खोलीत फेऱ्या मारते आणि ‘इकडे तिकडे बघायचं नाही’ म्हणते. आज सात वाजता तिने पेपर माझ्या हातातून ओढून घेतला. माझं शेवटचं उत्तर अर्धं राहिलं होतं. नियम म्हणजे नियम, म्हणाली. मला समाधान वाटलं. परीक्षेचं वातावरण तिच्या अंगवळणी पडतंय.

नवरा म्हणाला, चला, घरात एक जण तरी मनापासून अभ्यास करतंय. टोमणा होता. मी रागावले नाही. फ्रिजच्या बाजूलाही गेले नाही.

२५ फेब्रुवारी, रविवार

बाबा आले होते. मी तेरा वर्षांची होईपर्यंत शाळेत गेले नाही. बाबा गणित शिकवायचे, आत्या भाषा, तेही स्वयंपाकघरातल्या टेबलावर. त्यामुळे माझ्या अभ्यासाबद्दल अजूनही ते स्वतःला जबाबदार समजतात. त्यांनी माझे पेपर लाल पेनाने तपासले. दोन ठिकाणी ‘पायऱ्या दाखव’ असं लिहिलं. जाताना दाराशी म्हणाले, “आता पोरीला बसव. तुझा अभ्यास झालाय.”

मी त्यांना समजावलं की मुंगी बघून शिकते. हीसुद्धा एक पद्धत आहे. ते चपला घालत राहिले.

९ मार्च, शनिवार

सेहेचाळीस. पायऱ्यांसकट.

दुकानात सांगितलं, पन्नासपैकी सेहेचाळीस आले. मालकांना वाटलं मुलीचे. त्यांनी मुलीचं अभिनंदन केलं, पेढ्या-बिढ्यांची चौकशी न करता साधं चॉकलेट दिलं. मी थँक्यू म्हटलं.

११ मार्च, सोमवार

दोन रात्री नीट झोप नाही. आज मालकांना सांगितलं की मार्क माझे होते. चॉकलेट परत करायला नेलं होतं, तर ते म्हणाले, राहू द्या. दिवसभर माझ्या तपासलेल्या काचा दुसऱ्याकडून परत तपासून घेत होते. खरं बोलण्याची किंमत.

१६ मार्च, शनिवार

परीक्षा. पेपर एक तासाचा, मुंगी अर्ध्या तासात बाहेर. सोपा होता म्हणाली. मी एकेक प्रश्न विचारला, तिला एकही आठवेना. फाइलवालीचा मुलगा सगळ्यात शेवटी आला. तिने त्याला आधी पाणी दिलं, मग प्रश्न विचारले. मी उलटं केलं होतं. पाणी दिलं का, तेही आठवत नाही.

८ एप्रिल, सोमवार

मुंगीला तेवीस. मुलाखतीला बोलावायला वीस पुरतात. मुलीत धमक आहे हे मी म्हणतच होते.

मुलाखतीची तालीम घेतली. छंद: वाचन. बेडूक वगळले. नवऱ्याला सांगितलं, तू कमी बोल. तो म्हणाला, आणि लिफ्टबद्दल विचारलं तर? मी म्हटलं, विचारणार नाहीत.

१२ एप्रिल, शुक्रवार

मुलाखत झाली. मुख्याध्यापिका शांत बाई आहेत. त्यांच्या चष्म्याची डावी काडी जरा वाकडी आहे. मी बोलले नाही.

त्यांनी मुंगीला विचारलं, तुला या शाळेत का यायचंय? या प्रश्नाचं उत्तर आम्ही सगळ्यात जास्त घोटलं होतं.  मुंगी म्हणाली, “मला नाही यायचं. आईला यायचंय. तिचे सेहेचाळीस येतात.”

नवऱ्याला खोकला आला. बराच वेळ चालला.

बाई रागावल्या नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तुम्हाला काय आवडलं इथलं?”

नळ, बाक, प्रयोगशाळा, सगळं पाठ होतं. तोंडून निघालं, हजेरी. मग सांगावंच लागलं. ओपन डेसाठी मुलांना रविवारीही बोलावलं होतं, एका वर्गात त्यांची हजेरी चालली होती, मी दाराशी थांबून शेवटच्या नावापर्यंत ऐकली. आमच्या घरी बाबांनी कधी हजेरी घेतली नाही. टेबलाशी मी एकटी, घेणार कोणाची. बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. मला पाणी दिलं.

एकूण मुलाखत छान झाली. बहुतेक वेळ त्या माझ्याशीच बोलत होत्या. म्हणजे कुटुंब त्यांना पसंत पडलं.

घरी येताना मुंगीने माझा हात धरला होता. रस्ता क्रॉस करून झाल्यावरही.

३ मे, शुक्रवार

नकार. ‘आपल्या पाल्याला जागा देता येत नाही याचा खेद वाटतो.’ खाली बारीक अक्षरांत: महिनाअखेरपर्यंत अपील करता येईल.

मुंगीला फार मोठा धक्का बसला आहे. संध्याकाळी दोनदा जेवायला वाढून घेतलं आणि अंघोळ करताना गात होती. मुलं दुःख असं दडवतात. अपील करणार.

१९ मे, रविवार

अपील तयार. चार पानं. नवऱ्याला वाचून दाखवलं. वाचनाची आवड, गणिताची गोडी, शिस्तीत फुलणारा स्वभाव, सगळं आलंय. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, “ही मुलगी कोण आहे?” म्हणाला, छान वाटते, एकदा घरी बोलाव.

त्याच्याशी दोन दिवस मोजकं बोलायचं.

२३ मे, गुरुवार

बोलले. त्याच्या लक्षातच आलं नव्हतं की मी बोलत नव्हते.

२६ मे, रविवार

अपील पोस्टात टाकण्याआधी शेवटचं वाचावं म्हणून पेन्सिल घेऊन बसले. खाली सही माझी आहे. मुंगीबद्दल जे खरं नाही ते खोडायचं, एवढंच ठरवलं होतं. एखाद-दुसरं वाक्य निघेल असं वाटलं.

‘वाचनाची आवड’: मला. खोडलं. ‘गणिताची गोडी’: मला, तीही फेब्रुवारीपासून. खोडलं. ‘शिस्तीत फुलणारा स्वभाव.’ मुंगीचं कपाट डोळ्यांसमोर आलं. खोडलं. ‘इतर मुलांच्या सोबतीने शिकण्याची लहानपणापासूनची ओढ’ यावर थोडा वेळ थांबले. मग खोडलं. ‘हा प्रवेश न मिळाल्यास तिच्या मनावर कायमचा परिणाम होईल’ इथे पेन्सिलीचं टोक मोडलं. दुसरी पेन्सिल आणली.

चौथ्या पानाअखेर उरलं ते असं: मुलीचं नाव, जन्मतारीख, पत्ता, आणि तिसऱ्या पानावर अधेमधे ‘तिला’.

एवढ्यावर अपील होत नाही. मुंगीला हाक मारली. विचारलं, तुझ्याबद्दल अजून काय लिहू? ती माझ्या खांद्यावरून पानं बघत उभी राहिली. खोडलेलं सगळं तिने सावकाश वाचलं. मग म्हणाली, “लिही, मी जानेवारीतच सांगितलं होतं.”

लिहिलं. पूर्ण अपिलात पडताळून पाहता येईल असं तेवढंच एक वाक्य. ते टेकडीवर पाठवून उपयोग नाही.

कोपऱ्यावरच्या शाळेत फोन केला. रविवार असूनही शिपायाने उचलला. उद्या ऑफिस बंद, परवा या म्हणाला. काय काय आणायचं, असं विचारलं. म्हणाला, मुलीला आणा.

मुंगीने अट घातली आहे. तिथे बोलायचं तिने, मी फक्त सही करायची. मी म्हटलं, सही करण्याआधी फॉर्म एकदा वाचला तर चालेल का? तिने विचार केला. म्हणाली, वाच, पण मनातल्या मनात.

मंगळवार, २८ मे, सकाळी नऊ वाजता.