खिडकीत ठेवलेला ग्लास

पोर्ट सैद, धक्का क्रमांक दोन
सोमवार, १७ मे २००४

प्रिय नगात,

तुला आणि बाबांना सलाम. मी खुशाल आहे, माझी काळजी करू नये.

जहाज सकाळी सात वाजता धक्क्याला लागलं. मला इथून फेरीबोट दिसते आणि त्यामागे आपल्या मशिदीचा मिनार, पण खाली उतरायची परवानगी नाही. मागच्या फेरीत जहाजावर पोटाची साथ आली. बंदराच्या आरोग्य खात्याने पाहुण्यांना पिरॅमिड बघायला सोडलं, नोकरमाणसांना मात्र वरच ठेवलंय. तुझी चिठ्ठी जहाजाच्या एजंटचा माणूस अबू समरा शिडीच्या तोंडाशी देऊन गेला. म्हणाला, "घर समोर आणि पोरगा पिंजऱ्यात. काय दिवस आलेत!" उत्तर न्यायला तो चारला येणार आहे, म्हणून अक्षर थोडं घाईचं आहे. चुका सापडल्या तर नेहमीसारख्या लाल पेन्सिलीने खुणा करून पाठव. मी तिसरीतून शाळा सोडली आणि तू पुढे शिकलीस, तेव्हा तो तुझा हक्कच आहे.

तुझ्या साखरपुड्यानंतर तेरा माणसं आजारी पडली हे वाचलं. बाबांना चार दिवस इस्पितळात सलाईन लावावं लागलं हेही वाचलं. त्यांच्या मूत्रपिंडाबद्दल डॉक्टर काय म्हणतात ते नीट, शब्दाला शब्द लिहून कळव. पाणी उकळून, थोडं मीठ आणि साखर घालून, दर तासाला अर्धा पेला देत जा. हात धुताना साबण हवाच, नुसतं पाणी पुरत नाही. फरशीला ब्लीच लाव.

इनायात मावशीबद्दल लिहिलंस ते दोनदा वाचलं. सगळी गल्ली म्हणते, तिच्या मासे-भाताने माणसं आजारी पडली. अठरा वर्षं प्रत्येक लग्नात तिचीच पातेली चढली, आणि आता कोणी तिला बोलवत नाही. तिने शेजारच्या उम्म फतहीकडे पाठवलेल्या रव्याच्या गोड बासबूसाची ताटली जशीच्या तशी परत आली. आपल्या गल्लीत ताटली रिकामी परत जात नाही. पण भरलेली परत येते, हे मी कधी ऐकलं नव्हतं. मावशी दार लावून बसते असं तू लिहितेस. आई गेल्यावर तिनेच आपल्याला जेवू घातलं, हे मला आठवण करून द्यायची गरज नव्हती.

याचा छडा लावता येईल. जहाजावर माझं कामच ते आहे. डॉक्टर एलेनी सायप्रसच्या आहेत. माझं अक्षर बघून त्यांनी मला केबिन झाडायच्या कामातून काढून दवाखान्याच्या रजिस्टरवर बसवलं. आजारी माणूस आला की मी विचारतो: नाव, केबिन, वय, किती वाजता सुरू झालं, उलट्या किती, जुलाब किती, काय खाल्लं, कोणत्या टेबलावर. चोवीस तासांत तीन जुलाब झाले तर तो साथीचा रोगी. दोन झाले तर नाही. त्यात मधलं काही नसतं. शंभर पाहुण्यांत दोन रोगी झाले की पुढच्या बंदराला कळवावं लागतं. लोकांना हे विचारलेलं आवडत नाही. एका म्हाताऱ्या निवृत्त न्यायाधीशाला मी आकडा विचारला, तर म्हणाला, "पोरा, साक्षीदारही आणू का?" मी म्हटलं, "नको साहेब, तुमच्या शब्दावर विश्वास आहे." रजिस्टर तसंच चालतं, माणसाच्या शब्दावर.

तर तू एक यादी कर. साखरपुड्याला जे जे होते ते सगळे, आजारी आणि धडधाकट दोन्ही. धडधाकट माणसं गाळू नकोस, त्यांच्याशिवाय यादीला अर्थ नसतो. प्रत्येकापुढे लिही: मासे-भात खाल्ला की नाही, सरबत प्यायला की नाही, आजारी पडला का, कोणत्या वारी, किती वाजता. यादी लिमासोलच्या एजंटच्या पत्त्यावर पाठव, तिथे आम्ही रविवारी असू.

तू विचारलंस, त्या दिवशी मी सरबत का प्यायलो नाही. माझा घसा धरला होता आणि ग्लासात बर्फ होता.

तुझा फिक्री बरा आहे. सलाडच्या टेबलापाशी पुन्हा उभा राहतो. तुला सलाम सांगितलाय.

अबू समरा खालून शिट्टी वाजवतोय.

तुझा भाऊ,
वगदी

*

पोर्ट सैद, धक्का क्रमांक दोन
शुक्रवार, २८ मे २००४

प्रिय नगात,

तुला आणि बाबांना सलाम. बाबा काठी टेकत कॉफीच्या दुकानापर्यंत गेले हे वाचून बरं वाटलं. मूत्रपिंडाची तपासणी दर पंधरा दिवसांनी करायला सांगितली असेल तर चुकवू नका.

तुझी यादी लिमासोलला मिळाली. इतकी स्वच्छ यादी मी जहाजावरही पाहिली नाही. तू रेघा पट्टीने मारल्यास. डॉक्टर एलेनींना दाखवली तर म्हणाल्या, "ही मुलगी मला दे आणि तू घरी जा." त्या चेष्टेने बोलल्या होत्या.

यादी काय सांगते ते आधी लिहितो.

एकतीस माणसं, त्यांतली तेरा आजारी. जे धडधाकट राहिले त्यांतल्या पंधरा जणांनी मासे-भात पोटभर खाल्ला होता. स्वतः मावशीने पातेल्याच्या तळाची खरवड खाल्ली आणि तिला काहीच झालं नाही. लोक त्यावरूनही बोलतात असं तू लिहिलंस: "बघा, स्वतःला बरी सांभाळते." तिला साखरेचा आजार आहे म्हणून ती सरबताला शिवली नाही, एवढंच. उलट फिक्रीच्या आईला मासे चालत नाहीत, तिने घासही घेतला नाही, आणि ती आजारी पडली. उम्म फतहीची जुळी पोरं जेवणाच्या वेळी झोपली होती, सरबताला उठली, तीही आजारी पडली. तेराच्या तेरा माणसं सरबत प्यायली होती. एकही त्याबाहेर नाही. आणि सगळ्यांना त्रास सुरू झाला शनिवारी, म्हणजे दीड दिवसानंतर. नासलेला मासा दीड दिवस थांबत नाही.

सरबत मावशीने उकळून गार केलं होतं. त्यात बर्फ तिने घातला नाही. बर्फ फिक्रीने घातला.

आपल्याकडे मुलीच्या घरच्या वडीलधाऱ्यांना सरबत जावयाने स्वतःच्या हाताने द्यायचं असतं. फिक्री आचारी, त्याला हात दाखवायचा होता. तुला आठवत असेल, चमचा बाजूला सारून त्याने मुठीने बर्फ भरला, लिंबाच्या चकत्या बोटांनी खोचल्या. बाबा म्हणाले, "वा, हा तर हॉटेलवाला जावई मिळाला!" आणि त्यांनी दुसरा ग्लास मागितला.

तुझ्या यादीत मी तुला माझं नाव घालायला सांगितलं नव्हतं. तू ते शेवटी, एकतिसाव्या ओळीत, लाल पेन्सिलीने घातलंस. "वगदी. मासे-भात: हो. सरबत: नाही. आजारी: नाही." पुढे काही लिहिलं नाहीस. ती ओळ मी लिमासोलपासून इथपर्यंत रोज वाचली.

माझा घसा धरला नव्हता.

सहा तारखेला, गुरुवारी, जहाज इथे लागायच्या तासभर आधी फिक्री दवाखान्यात आला. डॉक्टर वरच्या मजल्यावर एका पाहुण्याला बघायला गेल्या होत्या. त्याचा चेहरा राखेसारखा होता, तरी हसत होता.

"साल्या, पोट बिघडलंय. गोळी दे."

मी रजिस्टर उघडलं. "किती वेळा?"

"तीन. आणि एकदा उलटी."

मी पेन उचललं. त्याने हात धरला.

"थांब, थांब. तीन लिहिलेस तर काय होईल?"

"दोन दिवस केबिनमध्ये बंद. स्वयंपाकघर बंद. खाली उतरायचं नाही."

"आज माझा साखरपुडा आहे."

"माहीत आहे. माझ्याच बहिणीशी आहे."

"मग? तीस माणसं बसतील आणि नवरा नाही? गल्लीत काय सांगशील, की जावयाला जुलाब झाले?" मग त्याने आवाज खाली आणला. "नगातने सहा महिने वाट बघितलीय, वगदी. दोन लिही. तिसऱ्या वेळी काय फारसं झालंही नव्हतं."

मी दोन लिहिलं. उलटीच्या रकान्यात शून्य लिहिलं. माझ्या चांगल्या अक्षरात, शाई न फुटता. डॉक्टर परत आल्या, त्यांनी बघितलं, सही केली. मला त्या एकदा म्हणाल्या होत्या, तुझ्या आकड्यावर मी डोळे मिटून सही करते.

तू विचारशील, मी हे तुझ्यासाठी केलं का. मीही तेच स्वतःला सांगत होतो. पण खरं असं की गल्लीत तोंड दाखवायची लाज मला वाटली. तुझं वाट बघणं मला नंतर आठवलं.

फिक्री दुपारपर्यंत सलाडच्या टेबलापाशी उभा होता. रविवारपर्यंत जहाजावर एक्केचाळीस पाहुणे आजारी पडले. न्यायाधीश त्यांतलेच. या वेळी त्यांनी आकडा सांगितला आणि चेष्टा केली नाही. डॉक्टर रोज रजिस्टर उलटं चाळायच्या आणि विचारायच्या, "पहिला कोण, वगदी? एक कोणीतरी पहिला असतोच." मी म्हणायचो, "शोधतो आहे."

आता जे राहिलं ते लिहितो. त्या दिवशी आपल्या घरी फिक्रीने तबक माझ्यासमोर आणलं. त्याची बोटं ग्लासाच्या काठाला लागलेली मी पाहिली. मी ग्लास घेतला, बाबांकडे बघून उंचावला आणि खिडकीत, पुदिना लावलेल्या डब्यामागे ठेवला. मला माहीत होतं म्हणून ठेवला. मग बाबा प्यायले. तू प्यायलीस. उम्म फतहीच्या पोरांना कोणीतरी उठवून आणलं. मी "पिऊ नका" म्हणालो नाही. एवढं एक वाक्य होतं. मी मावशीला म्हणालो, "मावशी, भात आणखी वाढ." तिने वाढला. मी खाल्ला.

दोनाच्या आकड्याला मी काही ना काही कारण देऊ शकतो. ग्लासाला नाही.

लिमासोल सोडल्यावर, या सोमवारी मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी आवाज चढवला नाही. रजिस्टर माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "खोडायचं नाही. फाडायचं नाही. एक रेघ मार, अशी की खालचा दोन वाचता आला पाहिजे. शेजारी तीन लिही. तारीख आणि सही तुझी." मी तसं केलं. मग म्हणाल्या, "माझी सही त्या दोनाखाली आहे. ती मलाही खोडता येत नाही." आठ जूनच्या फेरीत मला कामावरून काढून इथेच उतरवतील. कागद तयार झाले आहेत.

फिक्रीला मी आधी सांगितलं होतं. तो चिडला. "साथ काय माझ्या एकट्याच्या हाताला चिकटली होती? सहाशे माणसं आहेत जहाजावर!" मी तुझी यादी त्याच्यासमोर धरली. त्याने आपल्या आईची ओळ वाचली. यादी घडी घालून परत दिली आणि म्हणाला, "नगातला मी सांगतो. पण मला एक फेरी दे." मी म्हटलं, "तू तुझं कधीही सांग. माझं मी आजच लिहितो." त्याचं काय करायचं ते तू ठरव. मी त्याच्या बाजूने लिहीत नाही आणि विरुद्धही लिहीत नाही. तीन वेळा झालं हे त्याने मला आधी खरंच सांगितलं होतं, एवढी नोंद त्याच्या नावे राहू दे.

आज खाली उतरायला सगळ्यांना तीन तासांची परवानगी मिळाली. मी उतरलो नाही. शिडीपर्यंत गेलो आणि परत आलो. अबू समरा म्हणाला, "पिंजऱ्याचं दार उघडलं तरी पक्षी बाहेर येईना?" म्हणून हे लिहितो आहे.

तुला तीन गोष्टी करायला सांगतो. नाही, सांगत नाही, मागतो. हे पत्र पहिल्यांदा मावशीला वाचून दाखव, तिच्या दारात, मोठ्याने. उम्म फतही जिन्यात ऐकत उभी असतेच, तिला ऐकू दे. मग बाबांना वाच. ते काही बोलले तर मला कळवू नकोस, मी आल्यावर ते स्वतः बोलतील.

आणि मावशीची ती परत आलेली ताटली तिच्याकडेच असेल. तिच्या हातचं काहीतरी त्यात मागून घे आणि गल्लीत उभी राहून खा. तू आजारी पडली होतीस, तुझं खाणं लोक बघतील. ताटली धू, पण लगेच परत देऊ नकोस. आपल्या ओट्यावर ठेव. आठ तारखेला मी आलो की तिच्यात काय भरायचं ते मला माहीत नाही, पण ती घेऊन मीच जाईन. तिने दार उघडलं नाही तर पायरीवर बसेन.

या पत्रातल्या चुकांना खुणा करू नकोस. आकडे मात्र तपास.

एकतिसाव्या ओळीतला तुझा भाऊ, ज्याला काही झालं नाही,
वगदी