गुरुजींच्या चौकटी आणि बाण

वच्छलाक्का, तुझ्या धाकट्या संगीताचा वाकून नमस्कार.

दाजींचा दमा कसा आहे? त्यांच्या नावानं परळीला वैजनाथाला बेल वाहून आले. इकडे आम्ही दोघं बरे आहोत, म्हणजे हे जेवतात, पण बोलत नाहीत. (कागद ह्यांच्या प्रशिक्षणाचा आहे. मागची बाजू कोरी होती, वाया का घालवावी?)

ह्यांच्या शाळेत बावीस लेकरं आणि हे एकटेच गुरुजी. दिवाळीआधी बीडला तीन दिवस शिकून आले. रोजच्याच धड्यांतून लेकरांना संगणकासारखा विचार करायला शिकवायचं, त्याला संगणक लागत नाही म्हणे. (बरंच झालं, शाळेतला कपाटात कुलपात आहे.) कामाचे तुकडे पाडायचे, अनावश्यक ते गाळायचं, उरलेलं पायरीपायरीनं लिहायचं. सराव घरी, माझ्यावर. मी सांगायचं आणि ह्यांनी यंत्रासारखं तेवढंच करायचं. भाकरी करायला बसले. मी म्हटलं, पीठ घ्या, पाणी घाला. ह्यांनी अख्खा तांब्या परातीत उपडा केला! वर मलाच, "किती ते तू सांगितलं नाहीस. चूक सांगणाऱ्याची." दोन दिवस त्या पिठाची आंबील प्यालो.

पण अक्का, वर्गात जमलं बघ. ऊसतोडीला जाणाऱ्या बंकटची शिवकन्या चौथीत आहे. ती पाढ्यांपासून शेळी बांधण्यापर्यंत सगळ्याच्या पायऱ्या लिहायला लागली, वर ह्यांच्याच चुका काढायला लागली. "गुरुजी, आधी खुंटा ठोका की! न्हाईतर शेळीला कोण धरून बसंल?" हे घरी येऊन तेच तेच सांगून हसायचे. लग्नापासून इतके हसलेले मी पाहिले नव्हते.

दिवाळी झाली, टोळी निघायची वेळ आली. पोरगी मागं राहावी म्हणून ह्यांनी मोठ्या कागदावर चौकटी आणि बाण काढले. शाळेत खिचडी मिळते का? हो. झोपायला गुरुजींचं घर आहे का? हो. मग शिवकन्या शाळेत. कागद घेऊन बंकटच्या घरी गेले, मीही मागोमाग गेले. तिची आई भिवराबाई भांडी पोत्यात भरत होती, कडेवर आठ महिन्यांचं अंगावर पिणारं लेकरू. तिनं सगळं शांतपणे ऐकलं आणि कागदावर बोट ठेवलं. "लई चांगलं काढलंय, गुरुजी. पर ह्यात माझं तान्हं कुठं हाय? मी कोयता धरल्यावर त्याला कोण धरील? आमची शिवीच धरती की."

ह्यांनी ते अनावश्यक म्हणून गाळलं होतं, अक्का. कागदाची घडी करून उठले. वाटेत एवढंच म्हणाले, "अख्खं लेकरू सुटलं गं माझ्या हातून." तेव्हापासून गप्प आहेत. सोमवारी टोळीची गाडी गेली. वर्गातली नऊ लेकरं गेली.

मी काही शाळेच्या कामात पडत नाही, तुला ठाऊकच आहे. देवापुढं हात जोडते आणि गप्प बसते.

तुझी,
संगीता

ता. क. ती टोळी तुमच्याच गावच्या कारखान्यावर आली आहे. तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून ह्यांनी शिवकन्याला शिक्षण हमी कार्ड भरून दिलंय. शाळेच्या वेळेपुरतं ते बाळ तुझ्या ओसरीवर सांभाळशील का?

आणखी एक. खरं तर मी विचारत नाहीये. भिवराबाईला तुझा पत्ता देऊन बसलेय. फोन मुद्दाम केला नाही, तू लगेच नाही म्हणाली असतीस. हे पोचेपर्यंत पोरगी दारात उभीही असेल. बाळाचं नाव सत्यम. आधी त्याला कडेवर घे, तिला शाळेत धाड, मग मला काय बोलायचं ते बोल.