पिनांगला नाकारलेली पिशवी

अण्णा, मी पिनांगला जाऊन आले. सिंगापूर, पोर्ट क्लँग, पिनांग आणि परत सिंगापूर, अशी बोटीची सहल. तिकिटं तुमच्या नातवाने काढली. सोबत सूनबाई, त्यांचा मुलगा आणि सुनेचे आईवडील. तुम्ही असतात तर आधी विचारलं असतंत, की पैसे देऊन बोटीवर कोण चढतं? आपल्याकडे माणूस बोटीवर जायचा तो पैसे आणायला. मला महाराष्ट्रातले जिल्हे पाठ व्हायच्या आधी ही बंदरं पाठ होती, कारण तुमच्या पत्रावर जे नाव असेल ते आई मला मोठ्याने वाचायला लावायची आणि मग दिवसभर शेजारणींना सांगायची, आता ते पिनांगला आहेत. पिनांग म्हणजे काय, हे आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं. तुम्हालाही फारसं नव्हतं म्हणा. भटारखान्यातल्या माणसाला बंदर दिसतं ते गोल खिडकीतून, तेही हातातलं पातेलं घासून झालं तर.

ते पातेलंच माझ्या घशात अडकलं आहे. मुलाचं लग्न ठरत होतं तेव्हा विहीणबाईंनी विचारलं, तुमचे वडील काय करायचे? मी म्हटलं, बोटीवर होते. त्या म्हणाल्या, अय्या, कॅप्टन? मी नुसती हसले. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तीस वर्षं शाळेत पोरांना खरं बोलायला शिकवलं आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा हसून मोकळी झाले. पुण्याची माणसं, मोठं घर, हुंडा नाही, मानपान नाही, वागायला फार चांगली. त्यांना खरं सांगितलं असतं तर काही बिघडलं नसतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण एकदा हसले, आणि त्या हसण्याचा पुढे कॅप्टन झाला. सहलीत पहिल्याच संध्याकाळी विहीणबाईंनी शेजारच्या टेबलावरच्या लोकांना सांगितलं, यांचे वडील कॅप्टन होते हो, यांना समुद्राचं काय नवल! माझ्या मुलाने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून जेवत राहिला. त्याला खरं माहीत आहे. त्यानेही कधी दुरुस्त केलं नाही, तो तरी माझाच मुलगा.

तुमची सुट्टी सुरू व्हायची तो दिवस मला आजही दिसतो. ट्रंक उघडली की वरचा सगळा थर परक्यांचा असायचा, बोटीवरच्या सोबत्यांनी आपापल्या घरी धाडलेला. कोणाची साडी, कोणाची बामची बाटली, कोणाच्या पोरासाठी रंगाची पेटी, प्रत्येक पिशवीवर तुमच्या किरट्या अक्षरात घर आणि वाडी. आमचं सामान तळाशी. दोन घास खाऊन तुम्ही त्या पिशव्या पोहोचवायला निघायचात. एकदा एका शर्टाच्या कापडासाठी एस.टी.ने पार खेडला गेलात आणि आई चुलीशी बसून म्हणाली, "नऊ महिन्यांनी आलेला माणूस, आणि पयला दिवस खेडच्या लोकांचा." तुम्हाला ते ऐकू आलं होतं. तुम्ही चपला घातल्यात.

मी नववीत होते तेव्हा आपल्या रत्नागिरीतच, मांडवीतल्या एका घरची पिशवी तुम्ही माझ्याकडे दिलीत. त्या घरातली बाई बाजारात मासळी विकायला बसायची आणि माझ्या वर्गातल्या दोघीतिघी त्याच आळीत राहायच्या. मला त्या दारात उभं राहिलेलं कोणी बघायला नको होतं. मी पिशवी पडवीत ठेवली आणि हाक न मारता पळून आले. तुम्हाला कसं कळलं कोण जाणे. संध्याकाळी हाताला धरून मला परत त्या घरी नेलंत. वाटेत एकच गोष्ट बोललात. "पिशवी टाकून येतात काय गो? पिशवी कोण बगतां? माणूस कसा हाय ता सांगायचां असतां." मग त्यांच्या पडवीत बसून तुम्ही अर्धा तास त्या बाईला तिच्या नवऱ्याबद्दल सांगत होतात. जरा सुकलाय पण खातो नीट, खोकला गेला, रविवारी पत्ते खेळतो, परवा स्वतः दाढी करताना बघितला. ती बाई पिशवीला हातही न लावता तुमच्या तोंडाकडे बघत होती. मी खांबाला टेकून उभी, रागाने लाल झालेली. घरी येऊन तुम्ही मला ओरडला नाहीत, आणि त्याचा मला जास्तच राग आला.

आता बोटीवरचं सांगते. दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या हॉलमध्ये माझ्या नातवाने दुधाचा पेला लवंडला आणि माझ्या तोंडून गेलं, "रे बाबू, सांडलंस ना सगळां!" टेबल पुसायला एक माणूस आला. पन्नाशीचा, कानशिलं पिकलेली, छातीवर नावाची पट्टी. पुसता पुसता थांबला आणि त्याचा चेहरा असा काही उजळला की मला आधी वाटलं, हा मला ओळखतो. "मावशी, रत्नांग्रीच्या काय तुमी?" म्हणाला. "मी पावसचा. सात महिने झाले, आपल्याकडचां बोलणां कानावर नाय."

विहीणबाई बाकीच्यांबरोबर पलीकडे डोसा आणायला गेल्या होत्या, कोणत्याही क्षणी परत आल्या असत्या. आणि आपल्याकडचा माणूस गाव विचारून थांबत नाही, हे तुम्हाला काय सांगायचं? वाडी कुठली, घर कुठलं, कोणाची लेक, इथपर्यंत खणत जातो. बोटीवरच्या माणसाला बोटीवरचा माणूस तर चुटकीसरशी सापडतो. याचा एखादा काका तुमच्याबरोबर भांडी घासायला असता, तर तिथेच, त्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर, कॅप्टनचा भटारी झाला असता. "नाही हो," मी म्हटलं, "आम्ही पुण्याच्या." आणखी थोडं बोलणं झालं आणि तो गेला. जाताना मला मॅडम म्हणाला.

एवढ्यावर सुटले असते तरी भयाच्या भरात बोलले म्हणून स्वतःची समजूत घातली असती. पण बोट पिनांगला लागली त्या सकाळी मी एकटीच लिफ्टसाठी उभी होते, बाकीचे पुढे गेले होते. तो माणूस घाईघाईने आला. हातात एक लहानशी पिशवी, तोंड सुतळीने बांधलेली. त्याची आई पावसला एकटी असते, गुडघे गेलेत, तिच्यासाठी गुडघ्याचा पट्टा आणि एक झंपरचं कापड. "तुमी पुण्याच्या, माहीत हाय मला," म्हणाला. "माझा भाऊ येऊन घेऊन जाईल तुमच्याकडून. कुरियरनं पण जातां, नाय असां नाय. पण मला बगून गेलेला माणूस कोणीतरी आयला फोन करील, तर तिला बरां वाटेल. एवढांच सांगा, बरा हाय म्हणून."

अण्णा, तिथे विहीणबाई नव्हत्या. कोणी म्हणजे कोणी नव्हतं. पावस माझ्या घरापासून एस.टी.ने तासाभरावर. खरं सांगायला यापेक्षा सोपी जागा मला जन्मात मिळाली नसती. मी म्हटलं, "आमच्या बॅगांचं वजन आधीच जास्त झालंय हो." गुडघ्याच्या पट्ट्याचं वजन! तो म्हणाला, "नाय नाय, मॅडम, तसां काय नाय. सॉरी हं." चूक माझी आणि माफी त्याने मागितली. पिशवी पाठीमागे धरून तो भिंतीला लागून उभा राहिला, कारण लिफ्ट आली होती आणि मला आधी आत जाऊ द्यायचं होतं.

पिनांग छान आहे. लाकडी खांबांवर पाण्यात बांधलेली घरं आहेत, जुन्या भिंतींवर चित्रं आहेत, जायफळाचं सरबत मिळतं. आम्ही सगळ्यांनी फोटो काढले. विहीणबाई माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "तुमचे बाबा इथेच जहाज लावत असतील ना? भरून आलं असेल तुम्हाला." खरंच भरून आलं होतं. माझ्या डोळ्यांतलं पाणी बघून त्या बाईने मला जवळ घेतलं आणि मी कॅप्टनच्या मुलीसारखं रडून घेतलं. तुम्ही या गावात जेमतेम चार तास उतरला असाल, आणि त्या चार तासांतही दुसऱ्यांच्या पिशव्यांची खरेदी करत फिरला असाल.

येऊन तीन आठवडे झाले. दोनदा स्टँडवर गेले. एकदा पावसची गाडी लागलेली होती, मी चढून खिडकीशी बसलेही होते. मग वाटलं, त्या म्हातारीला काय सांगू? तुमच्या मुलाला डोळ्यांनी बघितलं, बरा आहे, कानशिलं पिकलीत, पण काम चोख करतो. इथवर सगळं सांगता येईल. मग ती विचारेल, पिशवी नाय दिलीन काय त्यानं? कंडक्टर तिकिटाला यायच्या आधी मी उतरले. मुलाला फोन करून सांगावं, तूच सासूला खरं काय ते सांग, असंही एकदा मनात आलं. म्हणजे तिथेही दुसऱ्यालाच पुढे करायचं. तेवढं तरी केलं नाही.

एक गोष्ट मी मघाशी गाळली. टेबलाशी "आणखी थोडं बोलणं झालं" असं लिहिलं ना, ते हे. मी पुण्याची म्हटल्यावर तो हसून म्हणाला होता, "मग बोलणां आमच्याकडचां कसां?" आणि मी म्हटलं, लहानपणी आमच्याकडे धुण्याभांड्याला रत्नागिरीची बाई होती, तिचं ऐकून ऐकून आलं. एका क्षणात म्हटलं, अडखळलेसुद्धा नाही. तुम्ही नऊ नऊ महिने बाहेर. त्या घरात माझ्याशी बोलायला दुसरं होतं कोण? तुमचं काम मी लपवलं, ते तुम्ही कदाचित हसण्यावारी न्याल. आईला मात्र मी मोलकरीण केली. हे पत्र खरं म्हणजे तिला लिहायला हवं होतं. कालपासून दोनदा तिच्या नावाने सुरुवात केली, दोन्ही कागद फाडले, आणि मग तुमच्या नावाने लिहायला बसले.